माझ्या नवऱ्याचे जीवनवृत्त मी कसे लिहू?

राहुरीकर यांचा प्रश्न

सर्वांना सलाम.

येत्या जून महिन्यात माझा नवरा जाऊन एक वर्ष होईल. त्या आठवड्यातल्या रविवारी मंडळीत (आमच्या चर्चमध्ये) त्याच्या स्मरणार्थ उपासना ठेवण्याचे सासूबाईंनी आणि पाळकसाहेबांनी ठरवले असून, उपासनेत वाचायचे जीवनवृत्त मीच लिहावे असा दोघांचाही आग्रह आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवते, मुलांचे निबंध तपासते, आणि तरीही गेल्या तीन आठवड्यांत माझ्या हातून चार ओळींपलीकडे काही लिहून झालेले नाही. जन्म, बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, आणि शेवटी ‘चौदा महिने दुर्धर आजाराशी धैर्याने झुंज देऊन तो प्रभूमध्ये निजला’, इतकेच कागदावर उतरले आहे. त्या ओळी मी मोठ्याने वाचून पाहिल्या, तेव्हा आमच्या दफनभूमीतल्या कोणत्याही कबरीवर त्या चालतील असे वाटले. घरात मी त्याला अरेतुरे करीत असे, म्हणून येथेही तसेच लिहिते.

तो पस्तीस वर्षांचा होता. आमच्या गावाच्या फाट्यावर त्याचे मोटार रिवाइंडिंगचे, म्हणजे जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरून देण्याचे, दुकान होते. उन्हाळ्यात विहिरींचे पाणी खाली गेले आणि विजेचा दाब कमीजास्त होऊ लागला की पाणबुडी मोटारी एकामागून एक जळतात, आणि मोटार घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याच्या कांद्याचे किंवा उसाचे पाणी त्या घटकेपासून थांबलेले असते. म्हणून मार्च ते मे तो रात्री एक-दीडपर्यंत दुकानात बसायचा. स्टेटरच्या (मोटारीतल्या न फिरणाऱ्या भागाच्या) खाचांमधून तार ओवताना तो टर्न, म्हणजे तारेचे वेढे, मोठ्याने मोजायचा आणि त्या वेळी कोणी बोललेले त्याला मुळीच चालत नसे, कारण आकडा चुकला तर कॉइल पुन्हा उसवावी लागते. रविवारी सकाळी तो शब्बाथ शाळा घ्यायचा आणि उपासनेत ढोलकी वाजवायचा. ढोलकी त्याला कोणी बसवून शिकवली नव्हती. लहानपणी नाताळच्या भजनफेरीत मोठ्या मुलांच्या मागे चालता चालता ती त्याच्या हातात आली होती. उधारी मागायला तो लाजायचा, आणि आमची जी काही भांडणे झाली त्यांतली निम्मी त्या उधारीच्या वहीवरून झाली.

सुमारे पावणेतीन वर्षांपूर्वी त्याला शौचावाटे रक्त जाऊ लागले. जवळच्या एका दवाखान्यात मूळव्याध म्हणून सात महिने औषधे चालली. त्या काळात कोणी आतून तपासणी केली नाही आणि आम्हीही ती मागितली नाही. वजन उतरले, चालताना दम लागू लागला, तेव्हा कुठे नगरला दुर्बिणीने तपासणी झाली आणि गुदाशयाचा कर्करोग यकृतापर्यंत गेला असल्याचे कळले. पुढचे सगळे उपचार मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये झाले. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत आम्हाला राहायला जागा मिळाली, आणि तेथे शेजारच्या खाटेवरची परभणीची आजी माझ्या नवऱ्यासाठी तिच्या विठ्ठलाला आणि मी तिच्या मुलासाठी माझ्या प्रभूला विनवीत होतो. गाठीने वाट अडवली होती, म्हणून आधी शस्त्रक्रिया करून पोटावर शौचाची पिशवी बसवावी लागली. नंतर केमोथेरपी सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी शिरेतून एक औषध आणि त्यापुढे चौदा दिवस गोळ्या. ते औषध सुरू असताना थंड पाण्याला किंवा लोखंडी कडीला हात लागला की त्याच्या बोटांतून झिणझिण्या जात. ‘करंट बसला,’ असे तो म्हणायचा. पाचव्या खेपेनंतर बोटांची टोके बधिर झाली ती झालीच. तार हातात आहे की नाही हे त्याला पाहिल्याशिवाय कळेना, आणि ढोलकीची शाई (तिच्या पानावरचा काळा गोल) कुठे संपते हेही कळेना.

आता जे विचारायचे आहे ते लिहिते. ढोलकी सुटली त्यानंतर सुमारे महिनाभर तो देवावर रागावला होता. त्याने बायबल कपाटावर ठेवून दिले, घरी प्रार्थनेला माणसे आली की तो मागच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा, आणि एका रात्री त्याने मला विचारले, ‘माझे हातच का घेतले?’ त्याच सुमारास एका प्रार्थनासभेत एका उपदेशकाने सर्वांसमोर त्याला सांगितले होते की, विश्वास पुरा असता तर तो एव्हाना बरा झाला असता. ते वाक्य त्याने शेवटपर्यंत मनात ठेवले. नंतर त्याने स्वतः मला स्तोत्रे वाचून दाखवायला सांगितली आणि शेवटच्या दोन महिन्यांत तो शांत होता, परंतु राग गेला असे मात्र तो कधी म्हणाला नाही. तो घरीच गेला. वेदना मॉर्फिनच्या गोळ्यांनी आटोक्यात होत्या. त्या गोळ्यांवरूनही नातेवाईक बरेच काही बोलले.

आमची मुलगी आता सहा वर्षांची आहे. मी जे लिहीन ते एक दिवस ती वाचेल. रागाचा तो महिना लिहावा की गाळावा? आजार किती लिहावा? चौदा महिन्यांचे तपशील मला तारीखवार पाठ आहेत, आणि आधीची चौतीस वर्षे लिहायला बसले की पेन थांबते, याची मला भीती वाटते. ज्यांनी असे काही लिहिले आहे किंवा ऐकले आहे त्यांनी कृपया मार्ग दाखवावा.

निवृत्त पाळक यांचे उत्तर

ताई, सलाम. मी अडतीस वर्षे निरनिराळ्या मंडळ्यांची सेवा केली आणि ‘धैर्याने झुंज देऊन’ हे वाक्य किती पेट्यांशेजारी उभे राहून वाचले याची मोजदाद माझ्याकडे नाही. ते वाचताना घरच्या माणसांच्या चेहऱ्यावर काही हलत नाही, हे माझ्या लक्षात यायचे; तरी पुढच्या वेळी मी तेच वाचायचो, कारण घरच्यांनी कागदावर तेच लिहून दिलेले असायचे आणि मी त्यांना आणखी काही विचारलेले नसायचे. ही चूक माझी होती, आणि तुम्ही ती करू नये असे मला मनापासून वाटते.

त्या उपदेशकाच्या वाक्याबद्दल आधी बोलतो, कारण ते तुमच्याही मनात रुतलेले दिसते. विश्वास पुरा असता तर आजार राहिला नसता, हे वचनाला धरून नाही. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात, २० व्या वचनात, त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात मागे ठेवावे लागले, असे साधे सरळ नमूद केले आहे. ज्याच्या हातून अनेक रोगी बरे झाले असे प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे, त्याचाच सहकारी आजारी राहिला आणि त्याबद्दल त्रफिमाला एका शब्दाचाही दोष दिलेला नाही. पौलाने स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि तो काटा निघाला नाही, हे करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या १२ व्या अध्यायात आहे. त्यांचा विश्वास उणा होता असे म्हणण्याचे धाडस तो उपदेशक करील काय?

रागाबद्दल म्हणाल, तर स्तोत्रसंहितेतले ८८ वे स्तोत्र काढून वाचा. बहुतेक विलापस्तोत्रे तक्रारीने सुरू होऊन शेवटी स्तुतीकडे वळतात. हे मात्र वळत नाही. माणूस रात्रंदिवस हाक मारतो, तू मला का टाकलेस असे विचारतो, आणि स्तोत्र अंधाराच्या उल्लेखावरच संपते. शतकानुशतके ते उपासनेत म्हटले गेले आहे, ते कोणी काढून टाकलेले नाही. इयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, आणि ती त्यांची सर्वांत चांगली सेवा होती; ते बोलू लागले तेव्हा बिघडले. तुमचा नवरा मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता, तेव्हा तो देवाशीच भांडत होता आणि ज्याच्याशी भांडतो त्याला माणूस सोडून गेलेला नसतो. माझ्या मते तो महिना लिहावा. फार लांबवू नये, दोन वाक्ये पुरेत, परंतु ती खरी असावीत.

सावेडी यांचे उत्तर

पाळकसाहेबांचा मान राखून मी थोडे वेगळे सांगतो. माझा धाकटा भाऊ सहा वर्षांपूर्वी रक्ताच्या कर्करोगाने गेला, आणि त्याचे जीवनवृत्त मी लिहिले होते. मी त्यात सगळे खरे लिहिले. उपासनेत ते वाचले जात असताना माझी आई पहिल्या बाकावर बसली होती आणि ‘शेवटच्या आठवड्यात त्याला मरणाची फार भीती वाटत होती’ हे वाक्य तिने चारशे माणसांच्या देखत प्रथमच ऐकले. तिच्यापासून आम्ही ते लपवले होते, आणि लिहिण्याच्या भरात मी ते विसरलो. त्यानंतर कित्येक महिने ती मला एकच प्रश्न विचारत राहिली, की त्याला भीती वाटत होती तर मला त्याच्याजवळ का बसू दिले नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, आपण दोन कागद करावेत. एक मंडळीत वाचण्याचा, आणि तो आधी आपल्या सासूबाईंना घरी, निवांत वेळी, वाचून दाखवलेला असावा. दुसरा मुलीसाठी, ज्यात काही लपवायचे कारण नाही. पोटावरच्या पिशवीचा उल्लेख मंडळीतल्या कागदात नसावा असे मला वाटते. आपण येथे लिहिले ते योग्यच केले, परंतु गावात ज्यांच्यासमोर ते नेहमी नीटनेटके उभे राहिले त्यांना ते सांगण्याची त्यांची इच्छा असती का, हा विचार करावा. त्या एका गोष्टीला मी लपवाछपवी म्हणणार नाही.

आणखी एक. दुकानात येणाऱ्या शेतकऱ्यांना भेटा. ते बहुतेक ख्रिस्ती नसतील, उपासनेला येतीलच असेही नाही, परंतु आपल्या नवऱ्याची चौतीस वर्षे आपल्याला आठवत नाहीत असे जे आपण लिहिले आहे, त्यांतले पुष्कळसे त्यांच्याजवळ आहे. माझ्या भावाच्या ट्रान्सपोर्टमधल्या एका चालकाने मला त्याच्याविषयी जे सांगितले ते आम्हा घरच्यांपैकी कोणालाही माहीत नव्हते.

रात्रपाळी यांचे उत्तर

मी परिचारिका आहे. बावीस वर्षे कर्करोगाच्या रुग्णांमध्ये काम केले आहे आणि त्यांतली अलीकडची नऊ पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेत. लेखन कसे करावे हे मला सांगता येणार नाही. आजार किती लिहावा, या तुमच्या प्रश्नाबद्दल मात्र मला बोलायचे आहे, कारण त्यातला एक भाग तुमच्या मुलीच्या उपयोगाचा आहे.

तरुण माणसाला शौचावाटे रक्त गेले की मूळव्याध धरून चालण्याची सवय रुग्णांनाही असते आणि बऱ्याच डॉक्टरांनाही. बहुतेक वेळा ती मूळव्याधच निघते, आणि म्हणूनच उरलेले थोडे जण मागे राहतात. रक्तासोबत वजन उतरत असेल, शौचाची सवय बदलली असेल, पोट साफ झाल्यासारखे वाटत नसेल, रक्त कमी होऊन दम लागत असेल, तर वय कितीही असो, दुर्बिणीची तपासणी मागायला हवी. गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ कित्येकदा डॉक्टरांच्या नुसत्या बोटाने केलेल्या तपासणीतही हाताला लागते, आणि ती तपासणी लाजेमुळे राहून जाते. तुमच्या मंडळीत त्या रविवारी तिशी-चाळिशीतले कितीतरी पुरुष बसलेले असतील. ‘सात महिने मूळव्याध समजून औषधे घेतली’ हे एक वाक्य, कोणालाही दोष न देता, त्या कागदात राहू द्या. त्यातून एखादा माणूस सोमवारी डॉक्टरकडे जाईल.

आता घरचे. आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी एकाला मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग झालेला असेल, तर बाकीच्यांनी वयाच्या चाळिसाव्या वर्षापासून, किंवा त्या व्यक्तीला निदान झाले त्या वयाच्या दहा वर्षे आधीपासून, यांपैकी जे आधी येईल तेव्हापासून कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करून घ्यावी असा सर्वमान्य सल्ला आहे. तुमच्या यजमानांना चौतिसाव्या वर्षी निदान झाले, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भावंडांची वेळ होऊन गेलेली आहे, आणि तुमच्या मुलीसाठी ती चोविसाव्या वर्षी येईल. इतक्या लहान वयात हा आजार झाला असता तो कधीकधी कुटुंबात उतरणाऱ्या दोषामुळे, उदाहरणार्थ लिंच सिंड्रोममुळे, झालेला असतो, आणि तसे असेल तर तपासण्या याहूनही लवकर सुरू कराव्या लागू शकतात. बायॉप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो आणि त्यावर या दोषाची चाचणी होऊ शकते. ती आधीच झालेलीही असेल. फाईल पाहा, आणि तेथील डॉक्टरांना विचारा. ती फाईल त्यांच्या फोटोइतकीच जपा. मुलीला तिच्या वडिलांकडून मिळालेल्या वस्तूंमध्ये तीही आहे.

मॉर्फिनबद्दल नातेवाईक बोलले, त्याचेही ओझे बाळगू नका. वेदनेच्या प्रमाणात, वैद्यकीय देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही आणि त्याचे आयुष्यही कमी होत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे आपल्याकडे हे औषध मिळणेच इतके अवघड होऊन बसले होते की कित्येक पिढ्यांनी कर्करोगाचा शेवट म्हणजे ओरडणे एवढेच पाहिले. २०१४ मध्ये तो कायदा सुधारला, तरीही खेड्यापाड्यांत ते आजही सहज मिळत नाही. शेवटच्या दिवसांत ते शांत होते आणि मुलीशी बोलू शकत होते, यात त्या गोळ्यांचा वाटा आहे. त्या आणण्यासाठी घरातल्या ज्याने खेपा घातल्या असतील त्याचे नाव कागदात जरूर घ्या.

वसईची लेक यांचे उत्तर

राहुरीकर ताई, मी ती मुलगी आहे. म्हणजे तुमची नव्हे, पण तुमच्या मुलीच्या जागी मी होते. माझे पपा १९८७ मध्ये छत्तिसाव्या वर्षी जबड्याच्या कर्करोगाने गेले, तेव्हा मी पाच वर्षांची होते. वांद्र्याला माउंट मेरीच्या टेकडीवर शांती आवेदना सदन आदल्याच वर्षी, १९८६ मध्ये, सुरू झाले होते. ज्यांच्यावर आणखी उपचार शक्य नाहीत अशा कर्करुग्णांसाठी भारतातले ते पहिलेच घर. पपांचे शेवटचे पाच आठवडे तेथे गेले. मला फक्त एक लांब व्हरांडा आणि एका सिस्टरने हातात दिलेले बिस्कीट आठवते. पपांचा चेहरा मला फोटोतला आठवतो, खरा नाही.

आमच्याकडे दोन नोव्हेंबरला सगळ्या मृतांचा दिवस असतो. कबरी धुऊन, फुले घालून, मेणबत्त्या लावून सगळे कुटुंब दफनभूमीत उभे राहते, आणि माझ्या लहानपणी दर वर्षी तेथे मोठी माणसे मला पपांविषयी सांगत. ते फार देवभोळे होते, कधी कोणाला दुखावले नाही, आजारात एक शब्द तोंडातून काढला नाही. प्रत्येक जण हेच सांगे आणि चांगल्या हेतूने सांगे. मला मात्र दर वर्षी पपा अधिकच लांब गेल्यासारखे वाटत. शाळेत मी फार चिडखोर होते, आणि अशा संताची मुलगी असून मी अशी कशी, हे मला कळत नसे.

तीस वर्षांची झाले तेव्हा पपांचे एक मित्र भेटले. दोघे पहाटेच्या गाडीने वसईहून दादरच्या फुलबाजारात चमेली आणि मोगरा घेऊन जात. त्यांनी मला दोन तासांत जे सांगितले त्यावर मी आजपर्यंत जगते आहे. पपा गाडीत जागा मिळवण्यासाठी सरळ भांडत. त्यांना केसांचा फार अभिमान होता आणि खिशात कायम कंगवा असे. गाताना सूर लागत नसे, तरीही मिस्साला सर्वांत मोठ्याने तेच गात. परतताना दादरला उतरत्या भावात मिळालेली फळे घेत आणि घरी येताना त्यांतले एक स्वतः गाडीत खाऊन टाकत. आणि आजार कळल्यावर त्यांनी एकदा जेवणाचे ताट भिंतीवर फेकून मारले होते. हे ऐकून मी रडले, आणि ते दुःखाचे रडणे नव्हते. ते ताट फेकणारा माणूस मला ओळखीचा वाटला. तो माझा बाप होता.

सावेडी यांनी सुचवलेले दोन कागद मला पटतात, एका अटीवर: मुलीचा कागद ‘ती मोठी झाल्यावर’ म्हणून पेटीत बंद करून ठेवू नका. सहा वर्षांच्या मुलीला आजच वाचून दाखवता येईल असे काही त्यात असू द्या आणि ती वाढेल तशी त्यात भर घाला. ते कोणत्या हाताने जेवत, कशाला घाबरत, कोणती भाजी पानात टाकत, तिला काय म्हणून हाक मारत, झोपताना कसे झोपत, हे लिहा. तुम्हाला ते क्षुल्लक वाटेल. ते तुमच्याजवळ इतके आहे की तुम्हाला ते दिसतच नाही. माझ्या आईलाही दिसले नव्हते. आई गेली, आणि आता विचारायला कोणी उरलेले नाही.

राहुरीकर यांचे पुन्हा उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. ही उत्तरे मी चार दिवसांत कितीतरी वेळा वाचली.

रात्रपाळी ताई, फाईल काढली. ती चाचणी झालेली आहे, त्या कागदाचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. पुढच्या महिन्यात मुंबईला जाऊन समजून घेणार आहे. गोळ्यांसाठी खेपा घालणारा माझा दीर एकतीस वर्षांचा आहे. त्याला तुमचे उत्तर वाचून दाखवले. बराच वेळ तो काही बोलला नाही, मग ‘मीही येतो,’ एवढेच म्हणाला.

सावेडी, मी सासूबाईंजवळ बसले. रागाचा महिना वाचू का, असे भीत भीत विचारले. त्यांना तो सगळा ठाऊक होता. तो मागच्या खोलीत पडलेला असताना त्या दाराबाहेर उंबऱ्याशी बसून असायच्या, हे मला माहीत नव्हते. त्या म्हणाल्या, ‘लिही. देवाला ठाऊक आहे, मग लोकांना ठाऊक झाले तर काय होते?’ पिशवीचा उल्लेख मात्र आम्ही दोघींनी गाळला. लक्ष्मीबाई टिळकांनी रेव्हरंड टिळकांच्या पश्चात ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना त्यांचा तापट स्वभाव आणि पैसे वाटून टाकण्याची सवय दडवली नाही, आणि तरीही वाचणाऱ्याच्या मनात टिळक उणे होत नाहीत. उधारीच्या वहीवरची आमची भांडणेही म्हणून ठेवते आहे. दुकानावर जाऊन तीन शेतकऱ्यांना भेटले. त्यांपैकी एकाने सांगितले की, एका वर्षी त्यांच्या विहिरीवरची साडेसात एचपीची मोटार एकाच महिन्यात दुसऱ्यांदा जळाली, तेव्हा याने दुसऱ्या वेळची मजुरी घेतली नाही; चूक कोणाची होती हे त्याने सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. पहिल्या वेळी त्याचा एक टर्न चुकला असावा, असे आता मला वाटते.

मुलीच्या कागदाची सुरुवात काल रात्री झाली. ती येथे ठेवते, कारण तुम्हा सर्वांमुळे ती झाली.

‘तुझे पप्पा डावखुरे होते, पण जेवायचे उजव्या हाताने, कारण आजीने लहानपणी तशी सवय लावली होती. त्यांना पालीची भीती वाटायची. दुधीची भाजी ते माझ्या पानात सरकवायचे. तुला ते “बॉबिन” म्हणायचे, कारण तू पाळण्यात असताना दुपट्यात गुंडाळलेली तारेच्या रिळासारखी दिसायचीस. तू तीन वर्षांची झाल्यापासून संध्याकाळी दुकानात त्यांच्या शेजारी पत्र्याच्या डब्यावर बसायचीस. ते टर्न मोजू लागले की तू ओठांवर बोट ठेवायचीस आणि दुकानात आलेल्या मोठ्या माणसांनाही गप्प करायचीस. नंतर आजारामुळे त्यांच्या बोटांना तार कळेनाशी झाली, तेव्हा ते फार रागावले, देवावरसुद्धा. तेव्हा त्यांनी एक मोटार तुझ्या काकांना बांधायला दिली आणि स्वतः खुर्चीवर बसून नुसते मोजायचे काम घेतले. मध्येच त्यांना धाप लागली आणि ते थांबले. काकांनी वर पाहिले. तू डब्यावरून म्हणालीस, “अठ्ठावीस,” आणि पप्पांनी मान हलवली, आणि काकांनी पुढची तार ओवली.’